काळ्यावर मोठं पोर बसत नाही: पेठेतल्या एका लाकडी चक्रीचं प्रकरण

"काळ्यावर मोठं पोर बसवू नका," असं चक्रीचे मालक तात्या पहिल्या चाचणीच्या दिवशी दोनदा म्हणाले. आम्ही सात-आठ जण तिथे होतो. सगळ्यांनी ऐकलं, का म्हणून कोणीच विचारलं नाही. मला वाटलं, काळ्या घोड्याचा पाय कुठेतरी कच्चा असेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, म्हाताऱ्या माणसाची काही समजूत असेल. थोड्या वेळाने आठवीतला एक थोराड मुलगा काळ्यावर चढला, चक्रीने दीड फेरी घेतली आणि खांबाच्या बुडाशी ठोकलेली पाचर करकरत वर आली. खांब कलला. मिस्त्रींनी धावत जाऊन दांडीला खांदा दिला म्हणून कोणाला लागलं नाही.

मी जुन्या लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. दरवाजे, देव्हारे, कोरीव खांब, कधी एखादा पाळणा. या चक्रीच्या कामात माझ्या हातून मोठ्या चुका झाल्या, आणि दर वेळी मला जो बिघाड वाटला तोच चक्रीचं काम चालवत होता. हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय ते त्यासाठीच. पुण्यातले वाडे उतरतायत, माळ्यांवरून अशा वस्तू खाली येतायत, आणि त्या दुरुस्त करायला माझ्यासारख्याच लोकांना बोलावलं जाणार आहे.

वस्तू आणि तिची माणसं

ही जत्रेतली चक्री, हाताने ढकलायची. मधोमध एक खांब. खांबाच्या डोक्यावर जाड लोखंडी खुंटा, आणि त्यावर उपडा बसवलेला तुंबा, बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध असतो तसाच, बाभळीचा. तुंब्याच्या चार खाचांमधून चार दांड्या निघतात आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन सळ्यांनी एक घोडा टांगलेला. पांढरा, तांबडा, अबलख आणि काळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा फूट. अख्ख्या सांगाड्यात खिळा नाही. सगळं कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक), खाच आणि पाचर यांच्यावर उभं. प्रत्येक दांडीवर आणि तिच्या खाचेशेजारी पटाशीने रेघा मारलेल्या आहेत, एक, दोन, तीन, चार, म्हणजे जोडताना दांडी चुकीच्या खाचेत जाऊ नये. दोन माणसं तासाभरात ती उभी करतात आणि त्याहून कमी वेळात उतरवतात. तसं असणं भागच होतं, कारण ही चक्री वर्षातले सात-आठ महिने रस्त्यावर असायची.

तात्यांच्या वडिलांनी ती करून घेतली. नवरात्रात चतुःशृंगी, कार्तिकात आळंदी, तुकाराम बीजेला देहू, मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. आधी बैलगाडीतून, पुढे टेम्पोतून. मृग लागला की घोडे वाड्यात परत. तात्या लहानपणापासून चक्रीबरोबर हिंडले आणि गुडघे गेले तेव्हा थांबले. तोवर जत्रांमध्ये विजेवरचे मोठे पाळणे आले होते आणि हातचक्रीकडे पोरांची वर्दळ कमी झाली होती. चार घोडे माळ्यावर गेले, दांड्या परसात भिंतीला टेकून राहिल्या.

वाडा मुठेकाठच्या एका पेठेत. तात्यांचं कुटुंब तिथलं जुनं भाडेकरू. वाडा पुनर्विकासाला गेला, सगळ्यांना नव्या इमारतीत घरं मिळाली, आणि सामान हलवताना घोडे पहिल्यांदा उजेडात आले. पोरांनी ते पाहिले. त्याच आठवड्यात जुन्या वस्तूंचा एक व्यापारीही ते पाहून गेला. त्याला फक्त घोडे हवे होते. खांब, तुंबा, दांड्या नकोत. कुठल्याशा हॉटेलच्या स्वागतकक्षात भिंतीवर लावायला. रक्कम चांगली होती. तात्यांच्या मुलाची विकायला हरकत नव्हती, तात्या काहीच बोलत नव्हते, आणि इमारतीतल्या काही जणांनी मिळून मला बोलावलं: घोडे किती जुने, दुरुस्त होतील का, आणि चक्री पुन्हा फिरेल का?

सभा

सर्वसाधारण सभेत तीन मतं होती. एक, घोडे कुटुंबाचे आहेत, त्यांना विकू द्या. दुसरं, सोसायटीने ते घ्यावेत आणि खाली प्रवेशद्वाराजवळ काचेच्या कपाटात ठेवावेत. तिसरं, चक्री मागच्या मोकळ्या जागेत उभी करून फिरवावी. तिसऱ्या मताला पोरांचा आणि आजी-आजोबांचा पाठिंबा होता, विरोध दुचाकीवाल्यांचा. बारा फुटांचं वर्तुळ आणि भोवती मोकळी जागा म्हणजे आठ-नऊ गाड्यांची सोय जाणार. पेठेत गाडी लावायला जागा नसणं काय असतं हे पुणेकराला सांगायला नको. त्यांचा विरोध मला रास्तच वाटला.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिसूला गावात चक कॅपॅरिच नावाच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने गावापुढे प्रस्ताव ठेवला होता: जागा द्या, आणि ही चक्री कोणी कधी उखडणार नाही असं वचन द्या, मी ती कोरून देतो. गावकऱ्यांनी स्वतः हातात पटाश्या घेतल्या आणि १९९५ मध्ये ती सुरू झाली. मी ही गोष्ट सभेत सांगितली, कायमची जागा मिळावी या हेतूने. तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "आमची कायमची कशाला पाहिजे? ती सुटण्यासाठीच केलीय."

त्या वाक्याने जागेचा प्रश्न सुटला. मिसूलाच्या चक्रीला न हलवण्याचं वचन हवं होतं, कारण ती तशी घडवलेली आहे. ही चक्री दर आठवड्याला उभी करून उतरवता येणार होती. जमिनीत एक लोखंडी गाळा कायमचा बसवायचा, वर झाकण. एरवी झाकणावर गाड्या उभ्या, रविवारी संध्याकाळी झाकण काढून खांब गाळ्यात, पाचरी ठोकून घट्ट. दुचाकीवाल्यांनीही बाजूने हात वर केले.

मालकीबद्दल मी आग्रह धरला आणि तो धरला याचं मला आजही समाधान आहे. चक्री तात्यांच्या कुटुंबाचीच राहील, सोसायटी जागा आणि दुरुस्तीचा खर्च देईल, कुटुंबाच्या संमतीशिवाय एकही भाग वेगळा काढला जाणार नाही, असं कागदावर आलं. काहींना हा कागद म्हणजे अविश्वास वाटला. पण वस्तू 'आपल्या सगळ्यांची' झाली की पहिल्यांदा ज्याची असते त्याचाच तिच्यावरचा शब्द जातो, हे मी दोन-तीन वाड्यांच्या देव्हाऱ्यांबाबत पाहिलं होतं.

तीन घोडे आणि चौथा

कामाला सुरुवात करताना मी घोडे एकेक करून टेबलावर घेतले. पहिला अंदाज पांगाऱ्याचा होता, कारण सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची असतात आणि घोड्याच्या रंगाखालचं लाकूड तसंच फिकट दिसत होतं. उचलल्यावर तो अंदाज गेला. पांगारा याहून खूप हलका. एका जुन्या टवक्याखालचं लाकूड भिंगातून पाहिल्यावर कळलं की शिवण आहे. शिवण हलकी, कोरायला मऊ, आणि वाळल्यावर फारशी हलत नाही. घोडा करायला याहून चांगलं लाकूड आपल्याकडे मिळणं अवघड. करणाऱ्याने पोटाखालून घोडा आतून कोरून काढला होता, ओंडक्याचा गाभा काढून टाकायला. गाभा आत राहिला तर लाकूड वाळताना बाहेरचा भाग जास्त आकसतो आणि उभी चीर जाते. अमेरिकन चक्रीघोड्यांचे कारखाने हेच दुखणं वेगळ्या पद्धतीने टाळत: फळ्या एकावर एक चिकटवून पोकळ पेटी करायची आणि मग तिच्यावर कोरीव काम. इथल्या सुताराने एकाच ओंडक्यात ते साधलं.

पांढरा, तांबडा आणि अबलख हे तिघे एकाच हाताचे. तिघांचीही फक्त डावी बाजू सजवलेली: लगामाचे गोंडे, खोगिराची वेलबुट्टी, मानेवरची आयाळ बटेबटेने कोरलेली. उजवी बाजू गुळगुळीत. त्यावरून चक्री कुठल्या दिशेने फिरायची ते कळतं, कारण सजवलेली बाजू बघ्यांकडे असणार. घोड्याची डावी बाजू बाहेर म्हणजे मधला खांब त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे चक्री प्रदक्षिणेच्या दिशेने. इंग्लंडमधल्या जत्रांत चक्र्या याच दिशेने फिरतात, अमेरिकेत उलट. म्हणून तिकडच्या घोड्यांची उजवी बाजू नटवलेली असते. तात्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "देवाच्या दारात उलटी कशी फिरवणार?"

काळा मात्र निराळा होता. दोन्ही बाजूंनी कोरलेला, पण सगळं काम ठसठशीत, जाड. मान आखूड. पाय खांबासारखे. आयाळ म्हणजे फक्त तिरप्या खाचा. भंगारवाल्याकडून काटा आणून वजनं केली तेव्हा तिघे जवळपास सारखे भरले आणि काळा त्यांच्या दीडपट. मी वहीत लिहिलं: 'चौथा घोडा नंतरचा, कमी प्रतीचा, बदलावा का?' हे वाक्य मी खोडलेलं नाही. वही जपून ठेवली आहे.

पाचर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काळ्याला उलटा केला. पोटावर रंगाच्या थरांखाली एक चौकोनी थिगळ दिसत होतं. आठ बोटं लांब, चार बोटं रुंद, वेगळ्या लाकडाचा तुकडा सरसाने बसवलेला. कडेने तो सैल झाला होता म्हणून अलगद काढला. आत स्वच्छ, काटकोनी खाच. कोरणाऱ्याची पटाशी अशी जात नाही. ही घर बांधणाऱ्या सुताराची खाच होती. वाड्याच्या तुळईत कडी बसवायला पाडतात ती.

तात्यांना बोलावलं. त्यांनी खाचेत बोटं घातली आणि बराच वेळ काढली नाहीत.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पावसाळा असल्यामुळे चक्री घरीच होती. घोडे तेव्हा माळ्यावर ठेवत नसत, ओसरीच्या कोपऱ्यात असत. तात्या विशीत होते. माणसं वरच्या अंगाला पळाली. पाणी ओसरल्यावर परतले तर ओसरीचं छप्पर बसलेलं, आणि त्याखाली अडकून राहिले म्हणून तीन घोडे वाचलेले. चौथा गेला. तोही काळाच होता. त्या दिवसांत पेठांमध्ये पडलेल्या वाड्यांचं सागवान ढिगांनी होतं. घर सावरायला आलेल्या एका सुताराने त्यातल्याच तुळईचा तुकडा घेऊन घोडा करून दिला. त्याने आयुष्यात घोडा कोरला नव्हता, तुळया आणि चौकटी केल्या होत्या. पैसे घेतले नाहीत. पुढच्या नवरात्रात चक्री चतुःशृंगीला गेली. घोडे माळ्यावर ठेवायला तेव्हापासून सुरुवात झाली.

'बदलावा का' या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खाचेत मिळालं होतं. आता प्रश्न वेगळा होता: हा जड घोडा घेऊन तात्यांनी इतकी वर्षं चक्री फिरवली कशी?

जोडी लावणं

उत्तर तात्यांकडे तयार होतं आणि त्याला त्यांच्याकडे शब्दही होता: जोडी लावणं. काळ्याच्या बरोब्बर समोर अबलख येतो. काळ्यावर लहान पोर, अबलखवर मोठं. पांढरा आणि तांबडा समोरासमोर, त्यांच्यावर साधारण सारखी. बसवताना जोडीने बसवायचं, उतरवतानाही जोडीने. एकाला उतरवून दुसऱ्याला तसंच ठेवायचं नाही. समोरासमोरची वजनं जुळली की तुंबा खुंट्यावर सरळ बसतो. नाही जुळली तर तो एका अंगाला कलतो, दर फेरीत खांबाला त्या बाजूने ओढतो, आणि ओढ शेवटी बुडाच्या पाचरीवर येते. पहिल्या चाचणीत काळ्याचं जादा वजन आणि त्या मुलाचं वजन एकाच बाजूला पडलं होतं.

मी तरीही लेखी सूचना दिली की अबलखच्या दांडीला एक लोखंडी वजन कायमचं लावावं, काळ्याचा जादा भार फिटेल इतकं. तसं लावलंही. रिकामी चक्री सुंदर फिरली. मग दोन रविवारांत मला दिसलं की पोरांना बसवणारी मोठी माणसं आता बेफिकीर झाली होती. 'आता तोल साधलाय ना?' म्हणून कोणालाही कुठेही बसवत होती. खरं तर घोड्यांमधला फरक काही किलोंचा, पोरांमधला पंधरा-वीस किलोंचा. वजन लावून मी लहान फरक मिटवला आणि मोठ्या फरकाकडे बघायची सवय घालवली. तिसऱ्या रविवारी ते वजन मी माझ्या हाताने काढलं. काळा जड आहे म्हणूनच जोडी लावायचं लक्षात राहतं.

बेअरिंग

ही चूक जास्त धोक्याची होती.

जुना तुंबा आतून झिजून लंबगोल झाला होता आणि खुंट्यावर गचके खात होता. बाभळीचा नवा तुंबा करणारा माणूस मिळेपर्यंत वेळ जाणार होता. मी नाना पेठेतून चारचाकीच्या चाकाचं बेअरिंग आणलं, फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याला बैठक करून घेतली आणि तुंब्यात बसवलं. करकर नाही, गचका नाही, बोटाने ढकललं तरी चक्री फिरत होती. मला अभिमान वाटला होता हे कबूल करते.

चार पोरं बसली, तात्यांच्या शेजारच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दोन फेऱ्या ढकललं आणि हात सोडला. चक्री थांबेचना. लाकडी तुंबा असताना हात काढला की दीड-दोन फेऱ्यांत ती आपोआप थांबायची. आता ती फिरतच राहिली, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक घोड्यामुळे पुढे होऊन धरणंही अवघड झालं. एका पोराने रडायला सुरुवात केली आणि उतरायला पाय खाली टाकला. मुलीने सळई धरली आणि तिचा खांदा चांगलाच हिसकला.

लाकूड आणि लोखंड यांच्यातलं ते घर्षण, ज्याला मी झीज म्हणत होते, तोच या चक्रीचा ब्रेक होता. दुसरा ब्रेक तिला नाही आणि तो लागतही नव्हता. ढकलणाऱ्याने जितकं दिलं तितकंच ती घ्यायची. बेअरिंगने तिला ढकलणाऱ्यापासून मोकळं केलं, आणि मोकळी चक्री म्हणजे चार पोरांचं वजन कोणाच्याच हातात नाही.

वेगाचा हिशेबही मी तेव्हाच मांडला, खरं तर आधी मांडायला हवा होता. घोडा खांबापासून सहा फुटांवर. एक फेरी सहा सेकंदांत झाली तर पंचवीस किलोच्या पोराला साधारण पाच किलोइतकी ओढ बाहेरच्या बाजूला जाणवते. दोन्ही हातांनी सळई धरली की सहज पेलते. हीच फेरी तीन सेकंदांत झाली तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, वीस किलोच्या घरात जाते. एवढ्या पोराचे हात ती पेलणार नाहीत. तात्यांची फेरी मी घड्याळ लावून मोजली. पाच-दहा वेळा मोजली. सहा सेकंदांच्या आसपासच. ते घड्याळाकडे पाहत नाहीत. ढकलताना पुटपुटतात, 'ज्ञानोबा माउली तुकाराम', एका फेरीला दोनदा. देहू-आळंदीच्या वाटेवर मिळालेलं माप.

बेअरिंग काढलं. शिरूर तालुक्यातल्या एका सुताराने, जे अजून बैलगाडीची चाकं करतात, चांगल्या मुरलेल्या बाभळीचा तुंबा करून दिला. जुन्या तुंब्याच्याच मापाचा, फक्त झिजायच्या आधीच्या. वंगणाला तात्या ग्रीस घेऊ देत नाहीत. एरंडेलात भिजवलेली चिंधी खुंट्याभोवती गुंडाळतात. मी विरोध केला नाही.

रंग

इथे मी जास्त सावध होते आणि सोसायटीशी थोडा वादही झाला. बहुतेकांना घोडे खरवडून, नवे कोरे, चकचकीत रंगवून हवे होते. माझं म्हणणं असं की कोरडं खरवडणं तर अजिबातच नको. जुन्या तैलरंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते, आणि या घोड्यांच्या खोगिरांवर खालच्या थरांमध्ये शेंदरी रंग दिसत होता. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ उडते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने रंगांमधल्या शिशाबद्दल नियम काढले, त्यात मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणली. पण हे घोडे त्याच्या कितीतरी आधीचे.

म्हणून सुटलेले पापुद्रे तेवढे ओल्या फडक्याने आणि पाण्याचा फवारा मारत काढले, मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून. कचरा बंद पिशवीत. घट्ट बसलेला जुना रंग तसाच ठेवून त्यावर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात, आणि त्यावर शिशाविना नवा रंग. जुना रंग आत बंद झाला, गेला नाही. प्रत्येक घोड्याच्या पोटाखाली, जिथे पोरांचा हात जात नाही, तिथे एक हातभर जागा नवा रंग न देता सोडली आहे. चपड्यातून खालचे थर दिसतात. पुढे कोणाला अभ्यास करायचा असेल तर तो तिथून सुरू करता येईल.

काळ्याच्या पोटातलं थिगळ मात्र परत बसवलं नाही. खाचेतलं लाकूड साफ करून, जवसाचं तेल पाजून ती उघडी ठेवली. सागवानावर आत रंगाचा कण नव्हता.

फिरवणार कोण

सगळ्यात अवघड भाग हा होता, आणि त्यात माझं कौशल्य काही कामाचं नव्हतं.

सोसायटीच्या मनात चित्र असं होतं की तात्या आणि त्यांचा मुलगा रविवारी चक्री फिरवतील, लोक कौतुक करतील. तात्यांच्या मुलाने स्वच्छ नकार दिला. तो पन्नाशीचा, कंपनीत नोकरीला. शाळेत असताना जत्रेत वर्गातली पोरं त्याच्या वडिलांच्या चक्रीवर बसायची आणि दुसऱ्या दिवशी 'चक्रीवाला' म्हणून हाक मारायची. ते त्याने मला इमारतीच्या जिन्यात सांगितलं, आवाज खाली ठेवून. म्हणाला, "ज्याच्यातून बाबांनी मला बाहेर काढलं, ते मी आता हौस म्हणून करू?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त कमिटीला सांगितलं की हे काम कौतुकाचं नाही, मेहनतीचं आहे. दोन तास वाकून ढकलायचं, प्रत्येक पोराकडे लक्ष ठेवायचं, आणि पोराला काही झालं तर पहिलं बोट ढकलणाऱ्याकडेच जातं. म्हणून त्याला मोबदला हवा. बराच वेळ गेला, पण ठरलं: पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत, फिरवणाऱ्याला सोसायटीच्या निधीतून मानधन, आणि तात्यांना शिकवण्याचंही मानधन. तात्यांनी ते पहिल्या वेळी परत केलं. मुलाने त्यांच्या हातात परत ठेवलं आणि म्हणाला, "घ्या बाबा. हे तुमच्या कामाचे आहेत." त्यानंतर तो रविवारी खाली येऊ लागला. ढकलत नाही. पाचरी तोच ठोकतो, दुसऱ्या कोणाला ठोकू देत नाही.

ढकलायला ती कॉलेजातली मुलगी शिकली, खांदा बरा झाल्यावर. तात्या खुर्चीवर बसून सांगायचे: घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, ढकलायचं सळईला, पोराला नाही, पोराचा चेहरा बघायचा, हात नाही, भीती आधी चेहऱ्यावर येते. हे शेवटचं मी वहीत तारखेसह लिहून घेतलं.

तीन पावसाळे झाले. मृगाआधी घोडे उतरतात आणि तात्यांच्या नव्या घराच्या पोटमाळ्यावर जातात. खांब आणि दांड्या जिन्याखाली. खंडेनवमीला सगळं खाली आणून खुंट्याला हळदीकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. दर वर्षी मी तुंब्याच्या आतली झीज मोजते. चारी बाजूंनी सारखी आहे. जुन्या तुंब्याची एकाच अंगाला जास्त होती. तात्यांचे गुडघे गेल्यानंतरच्या शेवटच्या काही हंगामांत भाड्याने लावलेल्या पोरांनी चक्री फिरवली होती, आणि जोडी लावायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या दसऱ्याला दोन भाऊ आले, एक दहा-अकराचा, एक चार-पाचचा. थोरला पळत जाऊन काळ्याजवळ उभा राहिला. मुलगी म्हणाली, "काळ्यावर मोठं पोर बसत नाही. तू अबलखवर, तो काळ्यावर."

"का पण?" त्याने विचारलं.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. मुलीने त्या पोराचा हात धरला, काळ्याच्या पोटाखाली नेला आणि म्हणाली, "बोटं आत घाल. लागली खाच? ती वाड्याची आहे."